भाकर चालली, माती चालेना

आई,

तुमच्या मातीच्या दिवशी तुमच्या लेकानं, प्रकाशनं, अंगणात मांडव टाकायला सांगितला आणि मांडववाल्यानं लग्नाचा आणून उभा केला. लाल-पिवळं कापड, चहूबाजूंनी झालर आणि दारावर थर्माकोलचे दोन मोर. त्या बिचाऱ्याचीही चूक नव्हती. फोनवर त्याला 'पाळकीणबाईंच्या घरी मांडव पाहिजे' एवढंच कळलं होतं, आणि आपल्या गावात पाळकीणबाईंच्या घरी मांडव म्हणजे नाताळ, नाहीतर कुणाच्या तरी पोरीचं लग्न. मोर तेवढे काढले, बाकी राहू दिलं. त्या झालरीखाली पेटीत तुम्ही, पांढऱ्या साडीत, ओठ घट्ट मिटून. ते मिटलेले ओठ बघून मला दुःखाच्या आधी धाक वाटला. वाटलं, आता उठाल आणि म्हणाल, "सुवार्ते, चहा कुणाकुणाला दिलास? आन् कुणाला ऱ्हायला?"

आता पाहुणे पांगलेत. मांडव गेला. तुमच्या खाटेवर प्रकाशनं धुतलेले कपडे टाकायला सुरुवात केली आहे, तुम्ही असतात तर त्याची धडगत नव्हती. मी दुपारी तिथंच बसते आणि तुमच्याशी बोलते. सवय आहे. इतकी वर्षं एका घरात राहून आपण दोघींनी दुसरं केलं काय? बोललो, नाहीतर भांडलो.

एक भांडण तर तुम्ही अर्ध्यावर टाकून गेलात. मी तुमची सून आणि तुमच्याच चर्चच्या मंडळीची पाळक. रविवारी देवळात वेदीपाशी झगा घालून उभी राहायचे आणि सोमवारी तुमच्या गुडघ्याला तेल चोळायचे. तुम्हाला दोन्ही चालायचं. चालायची नाही ती एकच गोष्ट. "माझी माती तू करायची न्हाय," तुम्ही म्हणायच्या. "म्या गेले की दुसरा पाळक बोलवा."

मी विचारायचे, का? तुमच्याकडे दर वेळी नवं कारण तयार. एकदा म्हणालात, "तुझा आवाज बारीक हाय, कबरीपाशी वारं सुटतंय." एकदा म्हणालात, "मुरमाड जागा हाय, साडी मळंल." आणि एकदा, भाकरी थापता थापता, "सासू मेल्यावर सून तिच्याबद्दल काय बोलंल गं? खरं बोललीस तर माझी पंचाईत, खोटं बोललीस तर तुला पाप." यावर मी हसले आणि वाद तुम्ही जिंकलात. तुमचं हेच. समोरच्याला हसवायचं आणि तो हसत असताना दार लावून घ्यायचं.

मला मात्र ते लागायचं. वाटायचं, म्हातारीनं बाकी सगळं मान्य केलं, पण आत कुठंतरी माझी पाळकपणाची दीक्षा अजून अडकून बसली आहे.

दीक्षेआधी चर्चच्या पंचांनी मला मुलाखतीला बोलावलं होतं, तो दिवस आठवतो? मला एकटीला एसटीनं जाऊ द्यायचं नाही म्हणून तुम्ही बरोबर आलात. वाटेत भूमच्या स्टँडवर भजी खाल्लीत आणि हाताला तेल लागलं म्हणून माझ्याच पदराला पुसलंत. खोलीत पाच-सहा वडीलधारे बसले होते. पवित्र शास्त्राबद्दल त्यांनी थोडं विचारलं, मंडळीच्या कामाबद्दल त्याहून थोडं. मग खाकरून एक जण म्हणाले, "बाई, पाळकाच्या बदल्या होत असतात. तुमची बदली झाली तर मिस्टरांचं काय?"

मी तोंड उघडायच्या आत मागच्या खुर्चीतून तुमचा आवाज.

"माझ्या नवऱ्याच्या बदल्या झाल्या तवा मला कुणी इचारलं हुतं? ट्रंक उचलली, पोरं उचलली आन् गेले. ह्यो बी जाईल की. पाय हायती त्याला."

एका साहेबांनी उगाच पंख्याकडे बघितलं. माझी मुलाखत तिथंच संपली, असं मला अजून वाटतं. मी हवेत तरंगतच बाहेर आले, तर एसटीत बसल्या बसल्या तुम्ही माझ्या मांडीवर पिशवी ठेवलीत आणि म्हणालात, "पर मला ह्ये पटलेलं न्हाय, ध्यानात ठेव."

"मग आत एवढं का बोललात?"

"ते लोक माझ्या सुनंला बोलत हुते. म्या बोलले तर ती गोष्ट निराळी."

दीक्षा झाली आणि गावात नवाच घोळ सुरू झाला. मला हाक काय मारायची? पाळक पुरुष असला की त्याची बायको आपोआप पाळकीणबाई. तिला अभ्यास नाही, परीक्षा नाही, डोक्यावर कुणी हात ठेवत नाही. नवऱ्याला दीक्षा मिळाली की तिला नाव मिळतं. मग बाईच पाळक झाली तर? पाळकीणबाई म्हणावं तर ती कुणाची तरी बायको वाटते. उपासना संपल्यावर देवळाच्या ओट्यावर चर्चा रंगली. कुणी म्हणालं पाळकबाई म्हणू. कुणी मॅडम म्हणालं. एका पोरानं 'पाद्रीण' म्हटलं आणि आईची चापट खाल्ली. म्हातारी माणसं म्हणाली, आम्हाला साहेब म्हणायची सवय आहे, आम्ही साहेबच म्हणणार. त्यामुळं पुढं कितीतरी दिवस मी गल्लीतून चालले की "साहेब आल्या, साहेब आल्या" असं चालायचं. आणि दारात कुणी नवखा माणूस आला की मला म्हणायचा, "पाळकीणबाई, साहेब हायती का घरात?" मग बनियनवर प्रकाश बाहेर यायचा. "साहेब ह्याच हायती. म्या नुसता वायरमन."

तुम्ही ओट्यावरची ती सगळी चर्चा ऐकून घेतलीत आणि काठी आपटलीत. "पाळकीणबाई ह्या गावात एकच. ती म्या. जित्ती असेपर्यंत ते नाव कुणाला मिळायचं न्हाय."

माझा चेहरा पडला असणार. तो बघून तुम्ही काठी प्रकाशकडे वळवलीत. "आन् पाळकाच्या घरात पाळकीणबाईचं काम लागतंय, त्येला ह्यो हाय की."

सगळे हसले. प्रकाशही हसला. त्याला वाटलं, आई चेष्टा करते आहे.

आई, तुमच्या त्या शाळेबद्दल मी तुमची जन्मभर ऋणी आहे. दिवसभर खांबावर चढून आलेल्या पन्नाशीच्या मुलाला तुम्ही समोर बसवून पाळकाच्या जोडीदाराचा धर्म शिकवलात. आधण कायम चुलीवर असलं पाहिजे. दुःखात आलेल्या माणसाला साखर जास्त घालायची, भांडायला आलेल्याला कमी, म्हणजे तो लवकर उठतो. पाळकाचं एखाद्या घराशी वाजलं की दुसऱ्या दिवशी जोडीदारानं त्या घरी सहज म्हणून जाऊन यायचं. पाळकानं घरात येऊन मंडळीतल्या लोकांची नक्कल केली तर हसायचं, पण बाहेर सांगायचं नाही. प्रभुभोजनाची, देवळात मंडळीला वाटायची भाकर जोडीदारानं भाजायची. त्याची पहिली भाकर तुम्ही हातात घेऊन उंबऱ्यावर आपटलीत. तिला काही झालं नाही. "हिच्यावर देऊळ बांधता येईल," म्हणालात, आणि पुन्हा पीठ मळायला लावलंत.

आणि सगळ्यात मोठी विद्या म्हणजे उपदेश आवरायची. दादांचा, म्हणजे माझ्या सासऱ्यांचा, उपदेश लांबला की तुम्ही पहिल्या बाकावर हातातल्या बांगड्या मागं सारायच्या. खळ्ळ. दादा लगेच प्रार्थनेवर यायचे. मंडळीला जन्मभर वाटत राहिलं की त्यांना पवित्र आत्मा थांबवतो. प्रकाशच्या हातात बांगड्या कुठून येणार? तुम्ही त्याला किल्ल्यांचा जुडगा खाली पाडायला शिकवलंत. पहिल्याच रविवारी त्यानं तो इतक्या लवकर पाडला की मी अजून नमनातच होते. मी वेदीपाशी लाल झालेली, आणि तुम्ही पदरात तोंड लपवून गदागदा हलताय. शेजारच्या बाईनं तुमच्या पाठीवरून हात फिरवला. तिला वाटलं, तुम्ही प्रार्थनेत रडताय.

त्याच रविवारी माझ्या हातचं पहिलं प्रभुभोजन होतं. देवळातल्या प्रत्येक माणसाचा डोळा तुमच्यावर. जुन्या पाळकीणबाई सुनेच्या हातची भाकर घेतात की बसून राहतात, यावर अर्धी मंडळी ठरवणार होती. ठरलेली वाक्यं म्हणून झाली, भाकरीचं ताट उचललं, आणि कुणी हलेना. मग तुमच्या काठीचा आवाज आला. तुम्ही सगळ्यांच्या आधी उठलात. सावकाश, मुद्दाम सावकाश, सगळ्यांना दिसावं म्हणून मधल्या वाटेनं चालत आलात आणि गुडघे दुखत असूनही टेकलात. दोन्ही हात पुढं केलेत. मी भाकरीचा तुकडा तुमच्या तळव्यावर ठेवला. माझे डोळे भरून आले होते. तुम्ही वर बघितलंत आणि कुजबुजलात, "मोठा दे. गोळी घ्यायची हाय."

मी मोठा दिला. तुमच्या मागून सगळी मंडळी आली.

शेजारची धनगराची सोजरबाई नंतर तुम्हाला म्हणाली, "पाळकीणबाई, तुमच्यात बाया पुजारी चालत्यात व्हय?" तुम्ही म्हणालात, "चालत न्हायत गं. ढकलाव्या लागत्यात."

म्हणूनच मला कळायचं नाही. माझ्या हातची भाकर चालते, मग माती का चालत नाही?

मी सतावत राहिले. तुम्ही बधला नाहीत. मग गेल्या हिवाळ्यात एका दुपारी आपण अंगणात हरभऱ्याची भाजी निवडत बसलो होतो आणि मी पुन्हा तेच काढलं. म्हटलं, "खरं सांगा, मी पाळक झाले हे तुम्हाला अजून आवडलेलं नाही."

तुम्ही एक जून काडी बाजूला टाकलीत. "आवडलं न्हाय असं न्हाय," म्हणालात. "पर तुला दीक्षा लागली, ह्येचं नवल वाटतंय. मला न्हाय लागली. बाळंतिणीपाशी म्या बसले. दारुड्याच्या बायकोला घरात म्या घेतलं. मरणारं लेकरू मांडीवर घेऊन प्रार्थना म्या केली, साहेब परगावी हुते. बाया साहेबाकडं सहीला जायच्या, रडायला माझ्याकडं यायच्या. त्येला कुणी पाळकपण म्हणलं न्हाय. आता तू झगा घालून त्येच करतीस, तर तुझ्या नावामागं रेव्हरंड लागतंय." आणि लगेच हसलात. "लागू दे. कुणाच्या तरी मागं लागलं."

त्याचं उत्तर मला आता सुचतं आहे. मी सेमिनरीत शिकले ते मला परीक्षेला उपयोगी पडलं. मंडळीत उभी राहिले ती तुमच्यामागून वीस वर्षं चालून. कुणाच्या घरात बोलायचं आणि कुणाच्या घरात नुसतं बसायचं, हे मी तुमचं बघून शिकले. लोक म्हणतात, आपल्या भागात मी पहिली. मी मान डोलावते, कारण फोटो काढायचा असतो. मी दुसरी आहे, आई. हे तुमच्या तोंडावर सांगितलं असतं तर तुम्ही म्हणाला असतात, "भाजीत माती ऱ्हायली, नीट निवड."

त्याच दुपारी तुम्ही मातीबद्दलही बोललात. तुमची लिली, प्रकाशच्या आधीची, तापानं गेली तेव्हा दादांची बदली आडवळणाच्या गावी होती. दुसरा पाळक यायला वेळ लागला असता. दादांनीच आपल्या मुलीची माती केली.

"पुस्तक धरून ताठ हुबा ऱ्हायला," तुम्ही म्हणालात. "एक शब्द चुकला न्हाय. लोक म्हणले, काय विश्वास बघा पाळकाचा! म्या बघत हुते. त्यो बाप नव्हताच तितं. घरी आला, हातपाय धुतले, जेवला. मग जन्मभर लिलीचं नाव त्येच्या तोंडातनं आलं न्हाय. झोपेत सुदीक न्हाय. पुस्तक हातात असलं की माणूस सोताचा ऱ्हात न्हाय, मंडळीचा हुतो. आन् त्या दिवशी जो रडला न्हाय, त्यो पुन्हा न्हाय रडत."

मी निवडलेली भाजी सुपात टाकली.

"म्हणून म्हणते, माझ्या मातीला तू मंडळीची नगंस. माझी सून म्हणून ये. पदर तोंडाला लाव आन् रड. चांगलं मोठ्यानं रड. लोकांना वाटलं पायजे, सासू बरी हुती."

तरी माझी खोड जाईना. म्हटलं, "आई, रडत रडतही माती करता येते."

"येत न्हाय."

"येते."

"तू केलीस व्हय?"

"अजून नाही."

"मग गप."

एवढ्यावर ते भांडण थांबलं. तुम्ही सूप उचललंत आणि आत गेलात.

म्हणून तुम्ही गेलात तेव्हा मी झगा कपाटातून काढलाच नाही. रत्नाकर पाळकांना फोन केला. तेच हवेत असं तुम्ही कधी म्हणाला नव्हतात, पण ते दादांच्या हाताखाली काम शिकले, तुमच्या हातचं जेवले, निवृत्त झाल्यावरही नाताळला तुमच्या करंज्यांसाठी येत राहिले, तेव्हा त्यांच्यावर तुमचा राग नसावा. ते आले. देवळात त्यांनी सगळं व्यवस्थित केलं. मी घरच्यांच्या बाकावर बसले होते, प्रकाशच्या शेजारी. एवढ्या वर्षांत मला पहिल्यांदाच कळलं की त्या बाकावरून वेदी किती लांब दिसते.

आणि रडले. आई, तुम्ही सांगितलं होतं त्याहून मोठ्यानं रडले. देवळापासून कब्रस्तानापर्यंत रडले. मंडळीला आधी सुचेना, आपला पाळक रडतोय म्हटल्यावर करायचं काय? मग सोजरबाईनं मला कमरेला धरलं आणि म्हणाली, "रड बाई, रड." बाकीच्या बायाही पुढं आल्या. मी तुमच्या नावानं जे काही बोलले त्यातलं मला काही आठवत नाही. प्रकाश म्हणतो, गोळ्यांचं काहीतरी होतं.

कबरीपाशी प्रकाशनं आणि पोरांनी दोर धरून पेटी खड्ड्यावर घेतली. रत्नाकर पाळकांनी पुस्तक उघडलं आणि म्हणाले, "आमची बहीण करुणा..." मागं कुजबूज झाली. करुणा कोण? तुमचं नाव करुणा आहे हे निम्म्या गावाला माहीतच नव्हतं. त्यांनी मान वर केली, चुकलं म्हणून हसायला गेले आणि म्हणाले, "आपल्या पाळकीणबाई." ते एवढंच म्हणू शकले. पुन्हा प्रयत्न केला, आवाज फुटेना. पुस्तकावर टपटप पाणी पडायला लागलं. सगळे खाली मान घालून उभे. पेटी अधांतरी. पोरांच्या हातातून दोर सरकायला लागले, आणि प्रकाश दोर आवळून धरत दातांतून म्हणाला,

"सुवार्ता, बोल काहीतरी, आई जड हाय!"

मी पुढं झाले. रत्नाकर पाळकांनी पुस्तक माझ्या हातात दिलं आणि माझ्या खांद्याला धरून उभे राहिले. मला एक अक्षर दिसेना. मग पाठ होतं तसं म्हटलं. हुंदके देत, नाक ओढत, पदर तोंडाला लावलेला तसाच. आशीर्वाद आधी देऊन टाकला आणि मातीला माती द्यायचे शब्द नंतर आले. कुणाला काही कळलं असेल असं वाटत नाही. पण मंडळीनं जिथं आमेन म्हणायचं तिथं म्हटलं आणि पेटी हळू खाली गेली. पुस्तक माझ्या हातात होतं आणि मी रडतच होते. मूठभर मुरूम टाकला तेव्हाही रडत होते.

परत येताना प्रकाश डोळे पुसत म्हणाला, "आई म्हणली असती, हिला एक काम करू नगं म्हणून सांगितलं हुतं, तेवढंच केलं हिनं." आणि आम्हा दोघांनाही हसू आवरेना. कब्रस्तानाच्या फाटकातून पाळक आणि पाळकाचा नवरा हसत बाहेर पडले, हे मंडळीनं बघितलं आहे. त्यावर ओट्यावर चर्चा होईल ती होईल.

तर आई, येतं. रडत रडत करता येतं. मी करून बघितलं, आणि आता तुम्ही गप. तुम्ही म्हणालात तशी सून म्हणून आले, तुम्ही म्हणालात तशी मोठ्यानं रडले. माती तेवढी केली. म्हणजे तुमचं अर्धं ऐकलं. तुम्ही हयात असताना तरी मी तुमचं याहून जास्त कधी ऐकलं होतं?